अक्कानं न पाहिलेला स्कॅन

त्या उन्हाळ्यात अक्का, माझी थोरली बहीण, गच्चीवर खाटेवरून पडली आणि तिचं डावं मनगट मोडलं. उजाडायला आलं होतं. मी शेजारीच गादीवर होते. आधी तिचा आवाज आला, "बिडु, बिडु," म्हणजे कन्नडमध्ये सोड, सोड. मग लोखंडी खाट वाजली आणि ती खाली आली. मी उठेपर्यंत ती मनगट धरून बसली होती.

"कुत्रं होतं," ती म्हणाली. "पोराचा पाय धरला होता त्यानं. मी ओढत होते."

गच्चीवर कुत्रं नव्हतं. तिचा पोरगाही नव्हता. तो पुण्यात नोकरीला, स्वतःच्या पोरांचा बाप झालेला. पण अक्काला ते अजून खरंच वाटत होतं. तिनं खाटेखाली वाकून पाहिलं, आणि मगच हात दुखतोय म्हणून सांगितलं.

ती झोपेत ओरडते हे आमच्याकडं सगळ्यांना माहीत होतं. लग्नाकार्यात पाहुण्या बायका तिच्या शेजारी अंथरूण टाकायला नको म्हणायच्या आणि सकाळी चहाच्या वेळी तिच्या नकला व्हायच्या. अक्काही त्यात हसायची. हसण्यासारखंच होतं ते, कारण जागेपणी तिचा आवाज चढलेला कुणी ऐकला नव्हता. सोलापुरात, बाळीवेशीत तिचा टायपिंगचा क्लास होता. आधी खटखटणारी मशीनं होती, नंतर कॉम्प्युटर आले. क्लासमध्येही ती कधी रागवायची नाही. मुलीच्या मागं उभी राहून खांद्याला एक बोट लावायची, की ती पोरगी पाठ ताठ करायची. आणि हीच बाई झोपेत आमच्या आजोळच्या, अक्कलकोटच्या पलीकडच्या कन्नड शिव्या द्यायची. त्यातल्या काहींचा अर्थ मलाही ठाऊक नव्हता.

आम्ही दोघीच राहत होतो, विजापूर रोडला, आईवडिलांच्या मागं राहिलेल्या घरात. मोडनिंबच्या पुढं हायवेवर जीप उलटून दाजी गेले तेव्हा तिचा मुलगा शाळेतसुद्धा जात नव्हता. त्याला घेऊन ती माहेरी आली ती कायमची. मी लग्न केलं नाही. एका महाविद्यालयात ग्रंथपाल होते. ती माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी. मला ती तंगी म्हणायची, म्हणजे धाकटी बहीण. पुढं घरी येणारी माणसं तेच माझं नाव समजायची.

एकदा मी तिला विचारलं होतं, "दाजी येतात का गं स्वप्नात?"

"न्हाय," ती म्हणाली. "कुत्रीच येतात."

हाडाच्या डॉक्टरांनी प्लास्टर घालताना सहज विचारलं, कशा पडलात. अक्का सांगायला लाजली, म्हणून मी सांगितलं. मला वाटलं तेही हसतील. ते हसले नाहीत. असं किती दिवसांपासून होतंय, आधी कधी कुठं लागलं होतं का, असं विचारत राहिले आणि शेवटी म्हणाले, "हात बरा होईल. पण यांना एकदा मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा."

मेंदूच्या डॉक्टर बाई होत्या, आमच्याहून पुष्कळ तरुण. त्यांनी अक्काला बोटं उघडमीट करायला लावली, खोलीत चालायला लावलं, कागदावर गोल गोल रेघ काढायला लावली. मग विचारलं, "वास येतो का नीट?"

अक्का म्हणाली, "हल्लीच्या उदबत्त्यांना वासच कुठं असतो?"

आमच्या घरी उदबत्ती तीच होती, वर्षानुवर्षं एकाच दुकानातली, आणि तिचा वास मला रस्त्यावरून घरात शिरतानाच यायचा.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं ते असं. स्वप्न पडत असतं तेव्हा मेंदू हातापायांना गप्प पाडून ठेवतो. माणूस स्वप्नात पळतो, मारामारी करतो, पण अंथरुणात नुसता पडून असतो. काहींच्या बाबतीत हे गप्प पाडणं बंद होतं. मग ते स्वप्नात करतात तेच अंथरुणात करतात. त्यावर रात्रीची गोळी आहे, तिनं पुष्कळ फरक पडतो. एवढं सांगून त्या थांबल्या आणि अक्काकडं पाहत म्हणाल्या, "याच्यापुढचं सांगायचं तर तुमची परवानगी हवी. काही लोकांना ऐकायचं असतं, काहींना नाही."

"सांगा की," अक्का म्हणाली.

त्यांनी सांगितलं. हा झोपेचा त्रास कधी कधी दुसऱ्या आजाराच्या पुष्कळ आधी येतो. कंपवात, किंवा विसरण्याचा एक प्रकार ज्यात माणसाला नसलेलं दिसतं. सगळ्यांनाच होतं असं नाही, पण बऱ्याच जणांना होतं. केव्हा होईल ते कुणाला सांगता येत नाही.

"ते होऊ नये म्हणून औषध आहे?"

"आज नाही. शोध चालू आहेत. व्यायाम करा, चाला, तपासणीला येत राहा."

अक्कानं प्लास्टरवरून पदर सारखा केला. "मग बाई, हे मला इथून पुढं सांगू नका. जे काय असेल ते हिला सांगा."

आणि डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली. त्या वेळी मला वाटलं, एवढंच तर आहे.

एमआरआय सोलापुरातच झाला. त्या नळीत शिरायच्या आधी अक्कानं गळ्यातलं इष्टलिंग काढून माझ्या हातात दिलं. अंघोळीलाही ती ते काढत नसे. आत मशीन ठोकल्यासारखं वाजत होतं ते बाहेर बाकावर ऐकू येत होतं. रिपोर्ट चांगला आला. गाठ नाही, झटक्याची खूण नाही, मेंदू वयाच्या मानानं ठीक. मी तर जिंकल्यासारखी निघाले आणि दोघी सात रस्त्याला थांबून उसाचा रस प्यायलो. पण डॉक्टर बाईंनी मला फोनवर सांगितलं होतंच, की या फोटोत ते दिसत नसतं. रात्रभर अंगाला वायरी लावून झोपेची तपासणी झाली, त्यात त्यांचा संशय पक्का झाला. आणखी एक स्कॅन असतो, पुण्यात होतो, त्या म्हणाल्या. मेंदूतल्या ज्या पेशी हालचाल सांभाळतात त्या किती शिल्लक आहेत त्याचा अंदाज येतो. पण तो करायलाच हवा असं नाही. त्यानं उपचार बदलणार नाही.

तो करायचं ठरलं ते मुलामुळं. तो फोनवर म्हणाला, "मावशी, अंधारात राहण्यापेक्षा कळलेलं बरं. निदान काही नाही असं तरी कळेल." त्याची खात्री होती की काही निघणार नाही. अक्का मला म्हणाली, "करू दे. त्याचं समाधान होतंय तर होऊ दे. माझं आधीचंच, मला सांगायचं नाही."

पुण्यात तिच्या शिरेत औषध टोचलं आणि काही तास बसवून ठेवलं. ते औषध मेंदूत ठरावीक जागी जाऊन बसावं लागतं म्हणे. तेवढ्या वेळात अक्कानं शेजारच्या बाईशी ओळख काढली. ती बाई अकलूजची होती, नवऱ्याला घेऊन आलेली. नवरा खुर्चीत बसून अंगठा आणि बोट एकमेकांवर घासत होता, थांबतच नव्हता. तंबाखू मळल्यासारखं. अक्कानं त्याच्याकडं पाहिलं, मग बोलता बोलता खुर्ची अशी फिरवून घेतली की तो दिसू नये.

संध्याकाळी मुलगा आणि मी आत गेलो. अक्का बाहेर पिशवी मांडीवर घेऊन बसली. तिथल्या डॉक्टरांनी पडद्यावर दोन चित्रं लावली. पहिलं निरोगी माणसाचं. काळ्यावर दोन उजळ स्वल्पविराम, एकमेकांकडं तोंड केलेले. "आणि हे तुमच्या आईचं," ते मुलाला म्हणाले. अक्काच्या चित्रात डावीकडचा स्वल्पविराम होता, जरा फिका. उजवीकडच्याचं शेपूट गेलं होतं. नुसता ठिपका राहिला होता.

"मेंदूची उजवी बाजू डाव्या हाताची," डॉक्टर म्हणाले. "सुरुवात झाली तर बहुतेक डावीकडून होईल."

"झाली तर?" मुलानं विचारलं.

"आत्ता त्यांना लक्षणं नाहीत. पण हे असं दिसतंय म्हणजे शक्यता मोठी आहे."

तो खुर्चीवरून उठला आणि पडद्याच्या अगदी जवळ गेला, जणू जवळून पाहिलं तर वेगळं दिसेल. मग त्यानं विचारलं की पुढच्या वर्षी परत काढला तर सुधारलेलं दिसू शकतं का. डॉक्टर नाही म्हणाले, पण हळू आवाजात म्हणाले. बाहेर आलो तेव्हा अक्का आमच्या तोंडाकडं न पाहता उभी राहिली आणि म्हणाली, "जेवायचं कुठं? मला इथली भाकरी चालेल, पण ती मऊ पोळी नको."

जेवताना तिनं सुनेची, नातवंडांची चौकशी केली. मुलगा ताटात बघून उत्तरं देत होता. दुसऱ्या दिवशी आम्ही एसटीनं परत आलो. मोडनिंब यायच्या आधीच अक्कानं नेहमीसारखे डोळे मिटून घेतले. मी तिच्या डाव्या हाताकडं बघत होते. तो मांडीवर पडला होता, शांत, बांगड्या घातलेला. तेव्हापासून मी बघतच राहिले.

रात्रीच्या गोळीनं ओरडणं कमी झालं. आम्ही गच्ची सोडली. तिची गादी जमिनीवर आली, कपाट भिंतीच्या दुसऱ्या टोकाला सरकवलं, टेबलाच्या कोपऱ्यांना मी जुन्या चादरी गुंडाळल्या. बाहेरून पाहिलं तर सगळं ठीक होतं. ती रोज क्लासला जायची. माझं मात्र वेगळंच सुरू झालं. ग्रंथालयात दुपारची गर्दी ओसरली की मी या आजारावर मिळेल ते वाचायची. वाचलेलं संध्याकाळी घरी येऊन तिच्यात शोधायची. चालताना तिचा डावा हात हलतोय का? अक्षर बारीक झालंय का? ती पूर्वीइतक्या वेळा पापणी मिटते का? एकदा दूध करपून घरभर धूर झाला आणि ती शेजारच्या खोलीत निवांत पेपर वाचत बसलेली. मी गॅस बंद केला आणि पातेलं घासायला घेतलं. ती आली, काळं पातेलं पाहिलं आणि म्हणाली, "दार बंद होतं म्हणून कळलं नाही." दार उघडं होतं.

आणखी एका संध्याकाळी ती शेपू निवडत होती. मी समोर बसले होते.

"काय बघालीस?"

"काही नाही."

"दुधाकडं बघावं तसं बघालीस. उतू जाणार हे धरूनच." तिनं जुडी खाली ठेवली. "दोन वर्षं झाली, तू माझ्याकडं बघतच नाहीस, माझ्या हाताकडं बघतेस. मी जेवते तर घास बघतेस. मला माहीत नको म्हणून मी म्हटलं, आणि तू ते तोंडावर लिहून फिरतेस."

मला रडू आलं. तिनं समजूत घातली नाही. उठून गेली आणि उरलेली भाजी एकटीनं निवडली. पुढं बरेच दिवस मी घरी असताना मुद्दाम तिच्याकडं पाठ करून कामं करायची. ते आणखी वाईट होतं, कारण मग मी कानांनी बघायला लागले.

मुलाचं येणं तोवर कमी झालं होतं. दिवाळीला यायचा, संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेला पूर्वी पोरांना घेऊन हमखास यायचा ते बंद झालं. कामाचं कारण असायचं. फोन मला करायचा, तिला नाही. "काही नवीन?" एवढंच विचारायचा. नाही म्हटलं की त्याचा श्वास सुटलेला ऐकू यायचा. अक्का विचारायची, "काय म्हणतोय?" मी म्हणायची, "बरा आहे." ती म्हणायची, "मला का नाही केला?"

डावा हात मंदावला तेव्हा मी स्वतःला सांगितलं, मोडला होता ना, म्हणून. हाडाच्या डॉक्टरांनी सांगितलंच होतं की थंडीत दुखेल. अक्काही तेच म्हणायची. क्लासमध्ये ती मुलींना दाखवायला कीबोर्डवर बसली की उजव्या हाताची अक्षरं भराभर उमटायची आणि डाव्या हाताची मागं राहायची. शब्द उलटेपालटे व्हायचे. ती हसून म्हणायची, "माझं बघू नका, तुम्ही बरोबर मारा." हे मला नंतर तिच्या एका विद्यार्थिनीनं सांगितलं.

नळाला पाणी यायचा दिवस होता. मी पिंपं भरत होते. अक्का अंघोळ करून आली आणि माझ्याकडं पाठ करून उभी राहिली. ती जन्मभर मागं हुक असलेलं पोलकं घालायची.

"हुक लाव गं."

मी ओले हात पदराला पुसले आणि वरचं हुक लावलं. दुसरं लावताना तिनं विचारलं, "आलं ना ते?"

तिसरं हुक सापडत नव्हतं.

"तंगी, आता विचारतेय मी."

"हो," मी म्हटलं. "मला वाटतं आलंय."

"त्या पुण्याच्या फोटोतच दिसलं होतं?"

"दिसलं होतं."

"आणि त्यानं पण बघितलं?"

"हो."

पिंप भरून वाहायला लागलं, मी नळ बंद केला. ती वळली तेव्हा तिचे डोळे कोरडे होते. म्हणाली, "म्हणजे तो मला बघायला भितोय, म्हणून येत नाही. मला वाटलं बायकोशी काही बिनसलं असेल." मग म्हणाली, "फोन लावून दे."

मी लावून दिला. ती त्याला म्हणाली, "मला कळलंय सगळं. आता लपवायचं काही राहिलं नाही, तर येत जा की." पलीकडून तो काय बोलला ते मला कळलं नाही. अक्का पुष्कळ वेळ नुसती ऐकत होती आणि मधे मधे म्हणत होती, "असू दे. असू दे की." त्या रविवारी तो आला. आईच्या खोलीत गेला आणि दार लावून घेतलं. बाहेर आला तेव्हा डोळे सुजलेले होते. त्याच्यामागून अक्का आली आणि चहाला आलं घाल म्हणाली.

मी तिला एकदाच विचारलं, "तो स्कॅन ठेवलाय मी. बघायचाय?" ती म्हणाली, "माझ्या डोक्यातलं मला काय दाखवतेस?" तिनं तो शेवटपर्यंत पाहिला नाही.

डॉक्टर बाईंनी गोळ्या सुरू केल्या आणि पहिले काही महिने असे गेले की मला वाटलं, हे एवढंच असेल तर आपण निभावू. डावा हात मोकळा झाला. तिनं क्लास एका जुन्या विद्यार्थिनीकडं सोपवला आणि तिथं आठवड्यातून एकदा पाहुणीसारखी जायला लागली. मग पाय अडखळायला लागले. उंबऱ्यापाशी ती थांबायची आणि पुढचं पाऊल उचलायचंच नाही. मी तिच्या पुढं माझं पाऊल आडवं ठेवायची, ते ओलांडायला म्हणून तिचा पाय उचलायचा. घरभर आम्ही अशा चालायचो.

नंतर एक दुपार. मी नुकतीच निवृत्त झाले होते. ती बैठकीच्या खोलीत खुर्चीवर होती आणि मला म्हणाली, "त्या पोरींना बसायला सांग. किती वेळ उभ्या आहेत."

खोलीत कुणी नव्हतं.

"कुठल्या पोरी?"

"मशीन रिकामं व्हायची वाट बघालत्या. भिंतीला टेकून उभ्या आहेत, दिसेना तुला?"

मी म्हटलं, अक्का, कुणी नाही. ती माझ्याकडं अशी बघायला लागली, जणू वेड मलाच लागलंय. आणि घाबरली. डॉक्टर बाई मला म्हणाल्या, "वाद घालू नका. त्यांना दिसतं ते त्यांच्यासाठी असतं. घाबरत नसतील तर असू द्या." त्यानंतर मी पोरींना बसायला सांगायला लागले. रोज दुपारी मी रिकाम्या भिंतीकडं बघून म्हणायची, "बसा गं, बाई येतायत." अक्काला बरं वाटायचं. मला त्या आवाजाची, म्हणजे माझ्याच आवाजाची, शिसारी यायची. पण मी म्हणायची.

पोरी होत्या तोवर ठीक होतं. पुढं कुत्री आली. इतकी वर्षं ती झोपेत यायची, आता दिवसाढवळ्या पलंगाखाली दिसायला लागली. गोळ्या बदलल्या. एका औषधानं ती इतकी ताठरली की मान वळेना, ते बंद करावं लागलं. दुसऱ्यानं दिवसभर झोपली. मंद्रूपची एक बाई मदतीला यायची, रोजच्या एसटीनं. अक्काला अंघोळ घालणं, उठवणं, भरवणं आम्ही दोघींनी वाटून घेतलं होतं. एका सकाळी मी अक्काला उठवायला वाकले तर तिनं माझे केस धरले. "बिडु, बिडु," ओरडत ओढत राहिली. तिच्या हातात इतकी ताकद कुठून आली कळेना. मंद्रूपच्या बाईनं बोटं एकेक करून सोडवली.

"लई घाबरल्यात ओ त्या," ती म्हणाली. "तुमास्नी वळकलं न्हाय."

मी आरशात पाहिलं. कपाळाच्या वरचे केस मुळासकट गेले होते. अक्का तोवर शांत झाली होती आणि मलाच विचारत होती, कुणी मारलं तुला.

मराठी तिच्याकडून हळूहळू सुटत गेली. जन्मभर मराठीत शिकवलेली बाई शेवटी कन्नडच बोलायची, तेही आजोळचं. माझं निभायचं. मुलाची पंचाईत झाली, कारण त्याला आम्ही कन्नड शिकवलंच नव्हतं. शाळेत गोंधळ नको म्हणून. तो आता पंधरा दिवसांनी यायचा, कधी आठवड्यानं. एकदा तो आत आला तेव्हा अक्कानं मला विचारलं, "यार बंदार?" कोण आलंय?

"काय म्हणाली?" त्यानं विचारलं.

मी म्हटलं, "केव्हा आलास, असं विचारतेय."

त्यानं तिचा हात हातात घेतला आणि मराठीत सांगत बसला, सकाळीच निघालो, गर्दी होती, पोरांच्या परीक्षा आहेत. ती लक्षपूर्वक ऐकत होती, एखाद्या पाहुण्याचं ऐकावं तसं. मधेच हसली. त्याला वाटलं ओळखलं. मी तसंच वाटू दिलं.

चांगले तासही असायचे, हे सांगायला हवं. अचानक, कशानंही. एकदा ती स्वच्छ मराठीत मला म्हणाली, "तू किती बारीक झालीस गं. जेवत नाहीस का?" मी म्हटलं, जेवते. "मी फार त्रास देते का?" मी नाही म्हटलं. ती म्हणाली, "खोटं बोलायला तुला कधीच जमलं नाही." आणि माझ्या गालावर उजवा हात ठेवला. दहा मिनिटांनी ती परत कुठं गेली कळलं नाही.

मागच्या थंडीत तिला गिळता येईना झालं. पेज छातीत उतरली, ताप आला. दवाखान्यात नळ्या लावल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर राउंडला यायच्या वेळी ती गेली. मी आणि मुलगा दोघंही जवळ होतो.

आमच्या लिंगायतांत पुरतात, आणि मांडी घालून बसवून पुरतात. घरी आणल्यावर विधीला जंगम आले, त्यांनी बसवायला सांगितलं. अक्काचे गुडघे वाकेनात. आजारानं आधीच कित्येक महिने ते ताठ झालेले होते, त्यात आणखी वेळ गेलेला. भाऊबंदांतले दोघं-तिघं पुढं झाले. कुणीतरी म्हणालं, जरा जोर लावावा लागेल. तेव्हा मुलानं सगळ्यांना बाजूला केलं. गरम पाणी मागितलं. सदऱ्याच्या बाह्या वर करून तो जमिनीवर बसला आणि कापड भिजवून आईचे गुडघे शेकायला लागला. एक हात खाली, एक वर, हळूहळू चोळत. पाणी गार झालं की मी दुसरं आणून द्यायची. पुष्कळ वेळानं उजवा पाय वाकला. डावा त्याहून उशिरा. पूर्ण मांडी झालीच नाही, पण जंगम म्हणाले, झालं, एवढं पुरे.

माती देऊन परत आल्यावर तो दोन दिवस भेटायला येणाऱ्यांपाशी बसून होता. तिसऱ्या दिवशी दुपारी जेवून अक्काच्या खोलीत जमिनीवरच आडवा झाला आणि त्याला गाढ झोप लागली. सून स्वयंपाकघरात आवरत होती. मी काहीतरी घ्यायला म्हणून त्या खोलीच्या दाराशी गेले आणि तिथंच उभी राहिले. डॉक्टर बाईंनी मला सांगितलेलं होतं, हे सहसा आईकडून मुलाला येत नाही, घाबरू नका. ते मला पाठ होतं. तरी मी त्याच्या हातांकडं बघत होते. त्याच्या पापण्यांखाली बुबुळं हलत होती, म्हणजे स्वप्न चाललं होतं. हात छातीवर होते. बोटं हलत नव्हती.

"काय झालं मावशी?" सुनेनं मागून विचारलं.

"काही नाही. झोपलाय."

"उठवू का? चहा ठेवते."

"नको," मी म्हटलं. "झोपू दे."

ती गेली. मी दाराला टेकून खाली बसले आणि तो आपणहून जागा होईपर्यंत बसून राहिले.